रहीम मिस्त्रींनी वाचवलेला जबडा

शेख रहीम मिस्त्री यांची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीतून झाली. ती चूक त्यांनी इतक्या अदबीने दुरुस्त केली की मला राग यायलाही जागा उरली नाही. आज त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त गोंडपिपरीकर हा गौरवग्रंथ काढत आहेत आणि संपादकांनी माझ्याकडे 'एका विद्यार्थिनीच्या आठवणी' मागितल्या आहेत. विद्यार्थिनी हा शब्द त्यांनी अगदी अचूक निवडला. मी आयुष्यभर भूशास्त्र शिकवले, पण दगडाकडे पाहायला मी एका पाथरवटाकडून शिकले.

तेव्हा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, मध्यप्रदेशात होता आणि मी नागपूरच्या कॉलेजात संशोधन करत होते. माझा विषय होता प्राचीन तळ्यांमधल्या गोगलगायींचे शंख. वरोऱ्याच्या पुढे एका शिवारात नव्या तलावाचे काम निघाले होते आणि तिथल्या मातीत असे शंख सापडतात, असे कळल्यावर मी भर उन्हाळ्यात तिथे जाऊन पोचले. तलावाच्या बांधाशेजारी मोहाच्या झाडाखाली तिशीतले एक गृहस्थ टाकीने, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीने, जात्याची तळी टाकवत बसले होते. शेजारी धुतलेल्या रुमालावर एक काळसर वस्तू ठेवलेली होती.

"बाई, तुमी शिकलेल्या दिसता," ते म्हणाले. "हा दात कोनाचा असन?"

मी तो हातात न घेताच सांगितले, "मगरीचा."

त्यांनी मान हलवली, पण होकारार्थी नव्हे. "मगर मी वैनगंगेवर लय पायली. मेलेलीचा जबडाही पायला. तिचा दात खुंट्यावानी गोल असते. हा चपटा आहे. अन् याच्या कडेवरून नख फिरवून पाहा, याले करवत आहे."

मी नख फिरवले. कडेवर बारीक, एकसारखे दाते होते, सुताराच्या करवतीला असतात तसे. पुस्तकातल्या चित्रात मी असा दात पाहिला होता. तो मांस खाणाऱ्या प्रचंड डायनोसॉरचा होता, आणि तो माझ्या तळहातावर होता. मी चूक कबूल केली, तेव्हा रहीमभाऊ हसले. "मले तरी कुठी मालूम होतं? फक्त मगर नाई एवढंच मालूम होतं."

रहीमभाऊंचा जन्म गोंडपिपरीचा. वडील पाथरवट, जाती, पाटे, खलबत्ते घडवून बाजारोबाजार विकायचे. रहीमभाऊ उर्दू चौथीपर्यंत शिकले आणि मग वडिलांच्या हाताखाली बसले. तलावाच्या बांधाला आतून दगडाचे अस्तर द्यायचे होते, त्यासाठी ठेकेदाराने त्यांना बोलावले होते. पत्नी हलिमाबी सोबत होत्या. दोघे पळसाच्या डहाळ्यांच्या झोपडीत राहत. गावातले लोक एकट्या आलेल्या शहरी मुलीकडे संशयाने पाहत होते. त्याच दिवशी हलिमाबींनी माझी वळकटी उचलून आपल्या झोपडीत नेली आणि पाणी भरायला आलेल्या बायांना ठणकावून सांगितले, "हे आमच्या घरचे पाहुने आहेत." पुढे मला थंडीताप आला, तेव्हा पाच दिवस त्यांनी माझे डोके मांडीवर घेऊन मला भाताची पेज पाजली. रहीमभाऊंचा गौरव करताना हलिमाबींचे नाव त्यांच्या बरोबरीने घेतले नाही, तर तो गौरव खुद्द रहीमभाऊंनाच मान्य होणार नाही.

ताप उतरल्यावर आम्ही खोदायला लागलो. तलावाच्या खड्ड्यात लाल-हिरवी चिकणमाती होती आणि तिच्यावर चुनखडीच्या कठीण दगडाची एक आडवी पाळ. मातीत आधी एक मांडीचे हाड निघाले, माझ्या छातीला लागेल एवढे. ते झाडपाला खाणाऱ्या लांब मानेच्या डायनोसॉरचे होते. त्याच्या आसपास तसलेच चपटे दात आणखी तीन मिळाले. एकालाही मूळ नव्हते.

"हे मोडले नाईत, गळले," रहीमभाऊंनी निदान केले. "आमची टाकी बोथट झाली का लोहाराकडे जावं लागते. याच्या तोंडातच लोहार होता. जुना दात पडला का नवा तयार."

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. त्या प्राण्यांचे दात जन्मभर गळत आणि नवे येत. मी ती इंग्रजी ग्रंथातून शिकले होते. रहीमभाऊंनी ती चार दात समोर ठेवून स्वतःच ओळखली.

दुसऱ्या दिवशी ते त्या मांडीच्या हाडापाशी बराच वेळ उकिडवे बसून राहिले. हाडावर खोबणी होत्या. मला वाटले, खोदताना पहार लागली असेल. त्यांनी हाडावर पाणी शिंपडले आणि मला उन्हाच्या विरुद्ध बाजूला बसवले.

"हे हत्याराचे घाव नाईत, बाई. टाकी एका जागी उतरते अन् थांबते. हे ओढलेले आहेत. दात रुतवला अन् मान मागं खेचली. अन् या खोबणीच्या आत बारीक रेघा पाहा. त्या करवतीच्या."

तिरप्या उन्हात मला त्या रेघा दिसल्या. ते पुढे बोलत राहिले. "वाघ ढोर मारते तर मागून खायाले लागते, पुठ्ठ्यापासून. इथी पन खुब्याजवळच जास्त घाव आहेत. याचीही रीत तशीच दिसते."

तो प्राणी कसा जगत असेल, याचे चित्र माझ्यापुढे पहिल्यांदा त्या खड्ड्यात उभे राहिले. तो बैल जुंपलेल्या गाडीहून लांब होता. मागच्या दोन दणकट पायांवर चालायचा. पुढचे हात अगदीच किरकोळ, म्हणून सगळे काम डोक्याने आणि जबड्याने करायचे. डोके रुंद आणि आखूड, मान जाड. उन्हाळ्यात तळी आटली की लांब मानेचे कळप उरलेल्या पाण्यापाशी गोळा होत, आणि तोही तिथेच येई. दात रुतवायचा, मान मागे खेचायची, लचका तोडायचा, आणि चावत न बसता गिळायचा. त्यात एखादा दात पडला, तर तो तिथेच चिखलात राहायचा. असा पडलेला दात रहीमभाऊंनी रुमालावर धुऊन ठेवला होता.

चौथ्या दिवशी चुनखडीच्या पाळीखाली जबडा दिसला. दात जागेवर असलेला, त्याच जातीच्या प्राण्याचा खालचा जबडा. पुढचे टोक मातीत उघडे पडले होते आणि बाकीचा भाग दगडात आत शिरला होता. शेजारी एक फासळी होती. असा सलग जबडा आमच्या भागात कोणी पाहिला असेल असे मला वाटत नव्हते.

अडचण अशी की ती पाळ सुरुंगाने उडवायची ठरली होती. पावसाळ्याआधी तलाव पुरा करायचा होता, अस्तराला दगड हवा होता, आणि सुरुंगाची भोकेही पाडून झाली होती. ती पाडली होती खुद्द रहीमभाऊंनीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदार बारूद घेऊन आले. मी विनवण्या केल्या, नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक सरांना तार केल्याचे सांगितले. ते म्हणाले, "बाई, सरकारले तलाव पायजे. मले फत्तर पायजे. हाडं कोनाले पायजेत?"

तोवर रहीमभाऊ पाळीवर जाऊन बसले होते, बरोबर भोकांच्या मधोमध.

"मिस्त्री, उठा तिथून."

"भोकं माझी आहेत, शेट. बारूद भरायची तर मीच भरनार. अन् मी भरून नाई राह्यलो."

"दुसरा मानूस आनतो."

"आना. असा मानूस धुंडून आनाले चार दिवस लागतीन. त्यापक्षा आयका. ह्या पाळीत जेवढा फत्तर निघते, तेवढा मी त्या टेकडीच्या काळ्या खडकातून काढून देतो. आठ दिवस द्या. नाई दिला तर उडवा."

काळा खडक म्हणजे लाव्हारसाचा. चुनखडीच्या तिप्पट कठीण. ठेकेदार हसले, पण त्यात त्यांचे काही जात नव्हते. "आठ म्हंजे आठ," म्हणून ते निघून गेले.

त्या आठ दिवसांत मी जे पाहिले ते पुन्हा पाहिले नाही. रहीमभाऊ आणि हलिमाबी पहाटेपासून टेकडीवर. रहीमभाऊंनी पाचर ठोकायची, घण घालायचा, निघालेला दगड हलिमाबींनी डोक्यावरून खाली आणायचा. दुपारी उन्हाने घण धरवेनासा झाला की रहीमभाऊ खाली येऊन माझ्यासोबत जबड्याभोवतीचा दगड बारीक छिन्नीने सोडवायचे. तीच त्यांची विश्रांती. हाड ठिसूळ होते, हात लागला की भुगा व्हायचा. त्यावर त्यांनी बांगड्या बनवणाऱ्या लखाऱ्याकडून लाख आणली, ती स्पिरिटमध्ये विरघळवली आणि पिसाने हाडावर चढवली. युरोपातले तज्ज्ञ नेमके हेच करतात हे मला माहीत होते, पण आपल्या जंगलातली लाख त्यासाठी चालेल हे सुचले नव्हते. "बांगडीले चमक देते, तर हाडाले धरून नाई ठेवन काय?" एवढेच त्यांचे म्हणणे.

सहाव्या दिवशी टेकडीवरून हलिमाबींची किंकाळी आली. घणाखालून उडालेली कपची रहीमभाऊंच्या डाव्या डोळ्यात गेली होती. आम्ही त्यांना बैलगाडीने वरोऱ्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून मला बाजूला बोलावले आणि सांगितले की डोळा वाचणार नाही. मी बाहेर व्हरांड्यात बसून रडले. माझ्या एका प्रबंधासाठी, माझ्या एका हाडासाठी, एका कारागिराचा डोळा गेला होता. मी आत जाऊन म्हणाले, "रहीमभाऊ, आता सोडून द्या. मीच ठेकेदारांना सांगते, उडवा म्हणून."

पट्टी बांधलेल्या त्या माणसाने माझ्याकडे मान वळवली. "डोया गेला तो गेला, बाई. आता जबडाही सोडला तर दोन्ही गेले."

दुसऱ्या दिवशी ते परतले. ठेकेदारही शरमले होते. "राहू द्या मिस्त्री, झालं तेवढं बस," ते म्हणाले. रहीमभाऊंनी ऐकले नाही. शब्द दिला होता. आठव्या दिवशी दुपारी शेवटचा दगड ढिगावर पडला, आणि तो हलिमाबींनी टाकला.

जबडा उचलण्याचे काम त्यानंतरचे. प्लास्टर आमच्याकडे नव्हते. हलिमाबींनी तांदळाची घट्ट खळ शिजवली, आम्ही गोणपाटाच्या पट्ट्या तिच्यात बुडवून जबड्याभोवती गुंडाळल्या. वाळल्यावर ते गाठोडे लाकडासारखे टणक झाले. माझे मार्गदर्शक सर नागपूरहून येऊन पोचले, तेव्हा ते गाडीत चढवले जात होते. सरांनी चष्मा पुसून पुसून पाहिले. वरोऱ्याच्या स्टेशनावर रहीमभाऊंनी ते स्वतः रेल्वेच्या डब्यात ठेवले आणि गाडी हलेपर्यंत त्यावर हात ठेवून उभे राहिले.

आता मला माझ्याविषयी लिहायचे आहे, आणि ते लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. वर्षभराने सरांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दात गळण्याची गोष्ट, हाडावरचे ओढलेले घाव, खुब्यापासून खाण्याची रीत, सगळे त्यात होते. कॉलेजचे आभार होते, ठेकेदारांच्या सहकार्याचेही आभार होते. रहीमभाऊंचा उल्लेख होता 'एका मजुरास' एवढाच. छपाईआधीची मुद्रिते मी तपासली होती. तो शब्द मी वाचला, लेखणी हातात होती, आणि मी काही बोलले नाही. सरांची भीती होती आणि माझी पदवी बाकी होती. याहून चांगले कारण माझ्यापाशी नाही.

मध्यंतरी मी एका साप्ताहिकात त्या प्राण्यावर लेख लिहिला, आणि भारावून जाऊन लिहिला: लालभडक डोळे, रान हादरवणारी डरकाळी वगैरे. गोंडपिपरीच्या मास्तरांनी तो रहीमभाऊंना वाचून दाखवला. उलट टपाली मास्तरांच्या अक्षरात पत्र आले. मजकूर रहीमभाऊंचा होता: "बाईले सलाम. लेख चांगला आहे. डोये लाल होते हे कोन्या दगडात दिसलं, ते कळवा. दगड बोलते तेवढंच लिहा." ते पत्र मी अनेक वर्षे माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले होते.

पुढे जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास रहीमभाऊ आणि हलिमाबी एका लग्नासाठी नागपूरला आले. मी तोवर त्याच कॉलेजात शिकवू लागले होते. त्यांना मी कॉलेजच्या संग्रहालयात नेले. काचेच्या पेटीत जबडा मांडला होता. रहीमभाऊंनी उजवा डोळा काचेला लावला आणि बराच वेळ पाहिले.

"बाई, तिसरा दात उलटा बसवला आहे."

मी वाकून पाहिले. सुटा पडलेला एक दात परत चिकटवताना कोणीतरी तो बाक पुढच्या बाजूला करून बसवला होता. शेकडो विद्यार्थी, दोन पाहुणे प्राध्यापक आणि मी स्वतः त्यासमोरून गेलो होतो.

"असा दात असता तर भक्ष्य सुटून गेलं असतं," ते म्हणाले. "बाक मागं पायजे. रुतला का धरून ठेवते."

तिथेच माझा बांध फुटला. मी त्यांना निबंधाविषयी सगळे सांगितले. 'एका मजुरास' हे शब्दही सांगितले, आणि ते मी वाचले होते हेही. हलिमाबींनी पदराने तोंड झाकले.

"वाईट वाटलं, बाई," रहीमभाऊ म्हणाले. "खोटं काऊन बोलू? तुमी लिवाले पायजे होतं." मग त्यांनी पेटीकडे बोट केले. "पन आधी तो दात फिरवा."

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर खुर्चीवर न बसता, न घाबरता बोलले. काय केले, कोणी केले, कोणाचा डोळा गेला, आणि मी काय लपवले, सगळे. सर कडक स्वभावाचे होते. त्यांनी हातानेच मला जायची खूण केली. माझी नोकरी गेली असे मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतः संग्रहालयात आले. पेटीची किल्ली त्यांनी रहीमभाऊंच्या हातात दिली. "मिस्त्री, दात तुम्हीच बसवा," ते म्हणाले. "आमच्या हातून चुकला." रहीमभाऊंनी दात सोडवून, लाख लावून नीट बसवला. त्यानंतर सरांनी त्याच नियतकालिकाकडे दुरुस्तीपत्र पाठवले. त्यात शोध कोणाचा, घावांचा अर्थ कोणी लावला, हे स्पष्ट लिहिले. पेटीखालची पाटीही बदलली. आजही तिथे 'शोधक: शेख रहीम आणि हलिमाबी, गोंडपिपरी' असे लिहिलेले आहे. हलिमाबींचे नाव रहीमभाऊंनी आग्रहाने घालून घेतले. सरांनीही मान डोलावली.

त्यानंतर दर हिवाळ्यात रहीमभाऊ आमच्या विद्यार्थ्यांसोबत येऊ लागले. सिरोंच्याच्या नदीकाठांपासून वरोऱ्याच्या शिवारांपर्यंत त्यांनी कित्येक पिढ्या फिरवल्या. त्यांची शिकवण्याची पद्धत अशी की विद्यार्थ्याला दगडासमोर बसवायचे आणि काय दिसते ते विचारायचे. विद्यार्थी 'मला वाटते' म्हणाला की ते म्हणत, "वाटते ते घरी. दिसते ते सांगा." माझे तीन विद्यार्थी आज नावाजलेले संशोधक आहेत. तिघेही पहिला गुरू म्हणून रहीमभाऊंचेच नाव घेतात. हलिमाबींना जाऊन सात वर्षे झाली. त्या गेल्या त्या वर्षीही रहीमभाऊंनी हिवाळ्याची वारी चुकवली नाही. "ती असती तर घरी बसू दिलं नसतं," एवढेच ते बोलले.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले, "रहीमभाऊ, हा प्राणी फार क्रूर असेल ना?" त्यांनी तिला जबड्याशेजारी सापडलेल्या फासळीचे छायाचित्र दाखवले. ती मधोमध मोडून पुन्हा जुळलेली होती. जोडावर जाड गाठ होती.

"याले कोनीतरी जबर मारलं होतं. तुटली, दुखली, अन् जुळली. तोवर हा उपाशी राह्यला असन. क्रूर म्हणू नका, पोरी. भुकेला म्हणा."

रहीमभाऊंच्या पंचाहत्तरीनिमित्त काय भेट द्यावी, हे गौरव समितीने माझ्यामार्फत विचारले होते. मी मुद्दाम गोंडपिपरीला गेले. ते अंगणात बसून शेजारच्या घरातले जुने जाते टाकवत होते. शाल नको म्हणाले, मानपत्र नको म्हणाले. मग विचारले, "सिरोंच्याच्या पल्याड नदीनं नवीन दरड पाडली म्हंते. तुमी पायली का?" मी नाही म्हणाले. "मंग हिवाळ्यात जाऊ. तुमचे गुडघे तेवढे सांभाळा. माझे बरे आहेत."

तेव्हा त्यांच्या सर्व शिष्यांच्या वतीने मी हेच मागते: रहीमभाऊंच्या पायांत हे बळ, हातांत ही पकड आणि नजरेत हा नेमकेपणा अजून पुष्कळ हिवाळे टिकून राहो. त्यांना निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. त्या नव्या दरडीत काय दडले आहे ते आम्हाला कोणालाच ठाऊक नाही, पण ते पहिल्यांदा त्यांनी पाहावे आणि आम्ही शेजारी असावे.